नकार निवडून घ्यावा
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत भाषण म्हटले की श्रोत्यांचा एक डोळा वक्त्याकडे आणि दुसरा फराळाच्या टेबलाकडे असतो, हे मला चांगले ठाऊक आहे. तेव्हा फार पाल्हाळ लावत नाही. चिटणीसबाईंनी मला 'इंटरनेटवरून घरबसल्या काम कसे मिळवावे' या विषयावर बोलायला सांगितले होते. त्यांची परवानगी घेऊन मी विषय थोडा बदलून घेतला आहे. काम कसे मिळवावे हे सांगणारे आज पैशाला पासरी आहेत. पण काम मागितल्यावर जो नकार येतो, आणि तोही पुष्कळदा तुसडा, पाणउतारा करणारा येतो, त्याचे काय करायचे हे कोणी सांगत नाही. आपल्यातल्या कितीतरी हुशार बायका काम न येण्यापायी मागे राहिलेल्या नाहीत. असल्या एखाद्या नकारापायी राहिल्या आहेत. म्हणून त्याबद्दल दोन शब्द.

आपल्या मुलुंडचेच पाहा. येथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जायचे म्हणजे लोकलचा तासाभराचा प्रवास, आणि तोही बहुधा उभ्याने. घरात अंथरुणाला खिळलेले सासरे असले, दहावीतला मुलगा असला, की जाऊनयेऊन हे दोन तास परवडत नाहीत. त्यामुळे अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत बायका घरी बसून चार पैसे मिळवत आल्या आहेत, हे काही आजचे नाही. आपल्या आयांच्या पिढीने पापड लाटले, राख्या केल्या, साड्यांना फॉल-बिडिंग केले, शिकवण्या घेतल्या, डबे दिले. आता त्यात भाषांतर, मुद्रितशोधन, दुकानांचे हिशेब, चित्रपटांच्या संवादांची लेखी भाषांतरे, परदेशातल्या मुलांना मराठी शिकवणे, अशा कामांची भर पडली आहे. याला फ्रीलान्स म्हणतात. नोकरी नव्हे, काम असेल तेव्हा काम, आणि तेवढ्यापुरते पैसे.

पण जुन्या घरकामात आणि या नव्या घरकामात एक मोठा फरक आहे. तो समजला नाही तर नकाराचे दुःख विनाकारण वाढते.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभे राहिले, ही हकीकत आपल्याला पाठ आहे. मी तिच्यातला निराळाच भाग सांगते. लिज्जतची पद्धत अशी, की भगिनीने केंद्रावरून मळलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटून वाळवायचे आणि केंद्रावर आणून द्यायचे. तेथे ते तपासून घेतात. म्हणजे माल नापसंत होण्याची शक्यता तेथेही आहेच. पण ती नापसंती पापड हातात धरून, समोर उभे राहून सांगितलेली असते. कड जाड राहिली की ओल राहिली, हे बोट ठेवून दाखवता येते, आणि उद्या सकाळी पुन्हा पीठ न्यायला जाता येते. सांगणारी आणि ऐकणारी दोघींना एकमेकींची तोंडे रोज पाहायची असतात. त्यामुळे जिभेला आपोआप लगाम बसतो.

इंटरनेटच्या बाजारात हा लगाम नाही. अपवर्कसारख्या ठिकाणी कोणी काम जाहीर केले की पाहता पाहता जगभरचे अर्ज येऊन पडतात. मनिलातली शिक्षिका, नैरोबीतला पदवीधर आणि मुलुंडची गृहिणी एकाच रांगेत उभी असते. तेथे अर्ज करायलासुद्धा 'कनेक्ट्स' नावाची नाणी खर्चावी लागतात, आणि जवळची संपली की ती विकत घ्यावी लागतात. पुष्कळ ठिकाणी पहिली चाळण यंत्रच लावते. आपला अर्ज माणसाच्या डोळ्यांखालून जातोच असे नाही. आणि माणसाने वाचला, तरी त्याला आपला चेहरा दिसत नाही. वाटेल तसे लिहिले तरी उद्या भाजीबाजारात गाठ पडेल ही भीती नाही. नकार देणे त्याला फुकट पडते, आणि फुकटची वस्तू माणूस सढळ हाताने वाटतो.

मला स्वतःला आलेला एक नकार सांगते. संस्थेचे नाव घेत नाही; ते घेऊन काही साधायचे नाही. मी मराठी-इंग्रजी भाषांतराची कामे करते. औषधांविषयीच्या एका माहितीपत्रकाचे काम निघाले होते. अर्ज केला. उत्तर आले ते पहाटे पावणेतीन वाजता. त्यात तीनच वाक्ये होती. पहिले, तुमचा दर इतरांच्या दुप्पट आहे. दुसरे, वैद्यकीय मजकुराचा नमुना जोडलेला नाही. वास्तविक जाहिरातीत तो मागितलेलाच नव्हता. आणि तिसरे, आम्हाला व्यावसायिक माणसे हवी आहेत, फावल्या वेळात काम शोधणाऱ्या गृहिणींनी आमचा वेळ घेऊ नये.

आता गंमत पाहा. तीन वाक्यांतली दोन कामाची होती. पण कुकरच्या शिट्ट्या मोजताना, कपडे वाळत घालताना, दिवसभर कानात घुमत राहिले ते तिसरे. तुमचेही असेच होत असेल. अपमानाचा आवाज मोठा असतो, त्याच्याखाली उपयोगाचे दोन शब्द दबून जातात.

दुसऱ्या दिवशी दुपारी कागद घेऊन बसले आणि तांदूळ निवडतो तसे ते पत्र निवडले. तांदूळ निवडताना खडा लागला म्हणून आपण ताट उपडे करत नाही, आणि खडा भातात शिजूही देत नाही. पहिले वाक्य दराचे. एक पान नीट करायला किती वेळ लागतो, विजेचे आणि इंटरनेटचे किती पडतात, याचा हिशेब मांडला. दर वाजवी होता. तो मी तसाच ठेवला. दुसऱ्या वाक्यात तथ्य होते. जाहिरातीत नसले तरी वैद्यकीय काम देणारा माणूस नमुना पाहणारच. मधुमेहाची माहिती देणारे एक इंग्रजी पत्रक घेतले आणि त्याचे मराठी करून ठेवले. तिसरे वाक्य खडा होता. तो काढून टाकला. त्या नमुन्यावर सहा महिन्यांनी ठाण्याच्या एका दवाखान्याचे काम मिळाले. काम लहान होते, पण पैसे वेळेवर आले.

मी हे सांगते ते माझी थोरवी म्हणून नव्हे. माझी मुले मोठी झाली आहेत आणि पहाटेचे पत्र दुपारी निवडायला मला निवांतपणा मिळतो. सगळ्याजणींना तो मिळत नाही. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका भगिनीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. वाणिज्य शाखेची पदवीधर. लग्नानंतरही काही वर्षे हिशेबनिसाच्या कचेरीत नोकरी केलेली. टॅली उत्तम येते. मग बारा वर्षे घरात गेली. मुलगी कॉलेजात जाऊ लागली तेव्हा तिने घरून हिशेब लिहिण्याच्या कामासाठी अर्ज केला. पलीकडच्या माणसाने 'चाचणी' म्हणून एका दुकानाची तीन महिन्यांची बिले नोंदवायला दिली. चार रात्री जागून तिने ती पुरी केली. उत्तर आले, काम दर्जाचे नाही, बारा वर्षे घरी बसलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

त्याच रात्री घरातून दुसरे वाक्य आले, "मी सांगत होतो ना, कशाला हवेत हे नसते उपद्व्याप!" त्यात दुष्टावा नव्हता. बायकोचे जागरण पाहवत नसेल म्हणूनही बोलले असतील. पण बाहेरचा नकार आणि घरातला होकार असे एक झाले, की बाईला ते पटते. तिने लॅपटॉप मिटला, त्यावर क्रोशाचा रुमाल घातला, आणि पुढे त्या रुमालावर फुलदाणी येऊन बसली. चौदा महिने ती हलली नाही. मधल्या काळात मुलीच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली, तेव्हा तिने बांगडी मोडली.

भगिनींनो, या गोष्टीत एक बारकावा आहे. तिला नापास केलेले नव्हते, तिला फसवलेले होते. तीन महिन्यांची बिले ही काही चाचणी नव्हे; तेच काम होते, आणि ते झाले होते. पैसे द्यायचे नव्हते म्हणून दर्जा काढला. पाणउतारा करून घेतलेले काम फुकटात पडते, कारण अपमान झालेली बाई पैसे मागायला जात नाही. हे तिच्या लक्षात आले नाही, कारण ते पत्र तिने एकटीने वाचले.

माझे म्हणणे याच एका गोष्टीभोवती आहे. नकार आपल्याला नवा नाही. आपल्यापैकी कितीजणींनी कांदेपोह्यांचे ताट हातात घेऊन दिवाणखान्यात पाऊल टाकले आहे! तेथेही नकार येत असे. सभ्य घरे 'पत्रिका जुळत नाही' म्हणून कळवत. सगळ्यांना ठाऊक असे की पत्रिका कोणी उघडूनही पाहिलेली नाही, पण त्या खोट्यात दुसऱ्याचे मन राखलेले असे. ज्यांनी 'मुलगी सावळी आहे' असे तोंडावर कळवले, त्या घरांची नावे आपल्या आयांना चाळीस वर्षांनंतरही पाठ होती. त्या पद्धतीची तरफदारी मी करत नाही. मुलीला कोणी विचारत नसे, ते वाईटच होते. पण एक खरे, की तेव्हाचा नकार वडिलांच्या नावाने येई, मामांच्या तोंडून येई, आजीच्या कानावरून जाई, आणि मुलीपर्यंत पोचेतो त्याची धार बरीचशी बोथट झालेली असे. आजचा नकार मध्यरात्री, एकटीच्या हातातल्या फोनवर, मध्ये कोणीही नसताना येतो. बाईने स्वतंत्रपणे अर्ज करावा हे योग्यच. पण त्या अर्जाचे उत्तर तिने एकटीनेच झेलले पाहिजे असे कोठे लिहिले आहे?

आता एक थोर उदाहरण. डॉ. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, विदुषी दुर्गाबाईंच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या येऊन त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे संशोधनासाठी अर्ज केला. त्यांचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला, तो केवळ अर्जदार मुलगी आहे म्हणून. कमलाबाई बंगलोरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. नाकारण्याचे कारण विचारले आणि मागे हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावे लागेल, आणि त्यांच्या वावरण्याने प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये! वर्षभर त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले, आणि पुढे त्या संस्थेत मुलींना वाट मोकळी झाली. १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पुढे आपल्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालिका झाल्या. मात्र तो अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला.

यातून मी दोन गोष्टी घेते. अपमान विसरलाच पाहिजे, मन मोठे करून क्षमा केलीच पाहिजे, असा काही नियम नाही. न विसरताही काम करता येते. आणि दुसरी गोष्ट, त्यांनी नकारातले कारण वेगळे काढून पाहिले. आपल्या गुणांविषयी त्यात एक अक्षरही नाही, हे त्यांना दिसले, म्हणून पाऊल मागे पडले नाही. एक फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. कमलाबाईंना बंगलोरची गाडी पकडता आली. आपल्याला नकार देणाऱ्याचे दार कोणत्या गावी आहे हेही आपल्याला ठाऊक नसते. तेव्हा त्या माणसाचे मन वळवण्याचा हट्ट सोडावा. हट्ट धरायचा तो कामाचा.

आता थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, रात्री जेवणानंतर असली उत्तरे वाचू नयेत. काम देणारे पुष्कळदा परदेशातले, त्यांचा दिवस तो आपली रात्र. उशाशी फोन घेऊन झोपणारीला अपमान अंधारात गाठतो. सकाळी डबे गेले, पूजा आटोपली, चहाचा दुसरा कप हातात आला, की मग वाचावे.

दुसरी गोष्ट, उत्तर त्याच दिवशी लिहू नये आणि लिहिले तर एका ओळीचे लिहावे. "आपले उत्तर मिळाले, कळवल्याबद्दल आभारी आहे." बस्स. मी एम.ए. आहे, मला अमुक वर्षांचा अनुभव आहे, तुम्ही मला असे बोलूच कसे शकता, असे चार पानी पत्र लिहू नये. त्याने ते वाचले तर हसेल, आणि न वाचले तर आपला तास फुकट. पण सभ्य शब्दांत कारण सांगणाऱ्याला अवश्य विचारावे, की नमुन्यात काय कमी वाटले. असे सांगणारे थोडे असतात, पण असतात.

तिसरी गोष्ट, वही ठेवावी. वाण्याची, दुधाची वही आपण ठेवतो, तशी अर्जांची. तारीख, काम, मागितलेला दर, आलेले उत्तर. गेल्या वर्षीची माझी वही सांगते. अर्ज ६४. त्यांपैकी ४१ जणांनी उत्तरच दिले नाही, १६ जणांनी सभ्यपणे नाही म्हटले, ५ कामे मिळाली, आणि उर्मट उत्तरे आली २. चौसष्टांत दोन! पण वही नसती तर मी तुम्हाला शपथेवर सांगितले असते की सगळे जग उर्मट आहे. मनाला बेरीज येत नाही, ती कागदावरच करावी लागते.

याच वहीत हल्ली एक नवे वाक्य येऊ लागले आहे, 'हे काम यंत्र फुकट करते, तुम्ही फक्त तपासा, पाव दर देऊ.' हे ऐकून राग येतो, पण ते निवडताना खड्यात टाकू नये. 'तिला दिवस गेले आहेत' याचे भाषांतर करताना यंत्राची गफलत होऊ शकते, म्हणून आपण हसतो. पण यंत्रे सुधारत चालली आहेत हेही खरे आहे. तो आपला अपमान नसून बाजारभाव आहे. कोणते काम त्या भावात परवडते, कोणते सोडून द्यावे आणि कोठे माणसाचीच नजर लागते, याचा शांतपणे विचार करावा. दवाखान्याचे पत्रक, वारसाहक्काचा कागद, कोणाच्या आईची आठवण, अशा ठिकाणी चूक महागात पडते, आणि तेथे जाणत्या माणसाची गरज लागतेच.

चौथी गोष्ट पैशाची. चाचणी एका पानाची, फार तर अर्ध्या तासाची द्यावी. त्याहून मोठी मागितली तर आधी दर ठरवावा. आणि काम देण्यासाठी जो आपल्याकडूनच नोंदणीचे, अनामतीचे किंवा प्रशिक्षणाचे पैसे मागतो, त्याच्याकडे काम नसते. अशाला पैसे गेले आणि ते परत मागितल्यावर शिव्या आल्या, तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. सायबर फसवणुकीसाठी तो सरकारने ठेवला आहे, आणि जितक्या लवकर कळवावे तितकी पैसे अडवण्याची आशा अधिक. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही घालावा लागत नाही, हेही पाठ करून ठेवावे.

पाचवी गोष्ट. उर्मटपणा वेगळा आणि अश्लीलपणा वेगळा. उर्मट माणसाला सोडून द्यावे. पण कामाच्या निमित्ताने कोणी घाणेरडे लिहिले, फोटो मागितले, तर ते पुसून टाकू नये. पडद्याचे चित्र काढून ठेवावे, त्या संकेतस्थळाकडे आणि पोलिसांकडे तक्रार करावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७९ व्या कलमाखाली शब्दांनी वा खुणांनी स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणे हा गुन्हा आहे. तेथे निवडत बसायचे काही नाही. ते सगळे ताटच खड्यांचे असते.

शेवटचा मुद्दा आपल्या मंडळाविषयी. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या त्या बायका. किराणा भरायला सावकाराकडून भारी व्याजाने पैसे घेत, कारण तारण नसलेल्या एकट्या बाईला बँक उभी करत नव्हती. गटाने एकमेकींची हमी घेऊन त्या गेल्या, तेव्हा बँकांची कर्जे मिळाली. बाई तीच होती, तिचा स्वयंपाकही तोच होता. फरक पडला तो पाठीशी दहाजणी उभ्या होत्या याचा.

तेव्हा माझी सूचना अशी. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता आपला हॉल मोकळा असतो. ज्या ज्या भगिनी असली कामे करतात किंवा करू पाहतात, त्यांनी तेथे जमावे. पाठवायचा अर्ज आधी दुसरीने वाचावा. आणि आलेला नकार घेऊन यावा, पण तो स्वतः वाचू नये. शेजारणीच्या हाती द्यावा आणि तिने मोठ्याने वाचावा. दुसरीच्या आवाजात ऐकला की तोच नकार निम्मा होतो, हे मी अनुभवाने सांगते. मग सर्वांनी मिळून तो निवडावा, आणि तांदूळ कोणते, खडे कोणते, हे ठरवावे. शिवाय मंडळाच्या कपाटात एक वही राहावी. कोणी पैसे वेळेवर दिले, कोणी बुडवले, कोणी चाचणीच्या नावाखाली काम काढून घेतले, याची त्यात नोंद व्हावी. ती वही आपल्या लेकीसुनांच्याही उपयोगी पडेल.

हे काही हवेतले बोलणे नाही. गेल्या आषाढात आम्ही तिघीजणी त्या शेजारच्या भगिनीकडे जाऊन बसलो. ते जुने पत्र तिने आम्हाला वाचायला दिले. आमच्यातली एक निवृत्त शिक्षिका ते वाचून म्हणाली, "अगं, हा तर तुझे पैसे देणे लागतो!" त्यावर ती चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्या गोष्टीवर हसली. फुलदाणी उचलून टीव्हीशेजारी ठेवली. त्यानंतर तिने अकरा अर्ज केले. नऊ ठिकाणांहून उत्तर नाही, एक नकार, आणि एक काम. घाटकोपरच्या एका कापडदुकानाचे हिशेब, महिना चार हजार रुपये. बांगडी काही परत आली नाही. पण तिसऱ्या वर्षाच्या फीत तिचा वाटा आहे, आणि तो तिने स्वतःच्या हाताने भरला.

आणखी एकच गोष्ट सांगून थांबते. आपले मंडळही दिवाळीच्या फराळाची कामे देते. मागायला पुष्कळजणी येतात, सर्वांना देता येत नाहीत. ज्यांना देता येत नाहीत त्यांना यंदापासून दोन ओळींचे उत्तर द्यावे. पहिल्या ओळीत खरे कारण आणि दुसरीत पुन्हा केव्हा विचारावे ते. जगाची जीभ आपण सुधारू शकणार नाही, पण आपल्या दारावरून जाणारा नकार तरी खड्यावाचून जावा, एवढे आपल्या हाती आहे.

दुसऱ्या शनिवारी तीन वाजता भेटू.